जुन्या गाडीतली ऊब आणि वारा

प्रस्तावना

जुन्या गाडीत नव्याने बसणारा माणूस हीटरच्या आणि हवेच्या नॉबना सगळ्यात शेवटी हात लावतो. क्लच, गिअर, चोक, दिवे यांची ओळख पहिल्याच दिवशी होते, कारण त्यांच्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नाही. हीटरचं तसं नसतं. डॅशबोर्डवर दोन गोल नॉब, एखादी सरकती कळ, पायाजवळ पत्र्याची छोटी झडप, कुठे ओढायची दांडी, आणि या सगळ्यांवरची अक्षरं केव्हाच पुसलेली. एखादा नॉब फिरवून बघितला आणि काही घडलं नाही, की 'बंद पडला असेल' म्हणून विषय संपतो. आपल्याकडे तर त्यावर एक ठरलेलं वाक्यही तयार असतं : इथल्या उकाड्यात हीटर हवाय कोणाला?

या पुस्तिकेतली पुढची सगळी पानं त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहिली आहेत. हीटर हवा तो समोरची काच स्वच्छ राहावी म्हणून. पाय उबदार राहतात तो वरचा नफा. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना सुरक्षेचे जे पहिले केंद्रीय नियम लागू झाले, त्यांत समोरच्या काचेवरचं दहिवर आणि वाफ घालवणाऱ्या यंत्रणेसाठी स्वतंत्र नियम होता. तो नियम काचेचा होता, पायांचा नव्हता. रस्ता दिसेनासा झाला की ब्रेक कितीही चांगले असून उपयोग नसतो, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांशी बोलताना एक गैरसमज वारंवार भेटतो. नॉबवर तांबडा-निळा पट्टा दिसला की लोकांना वाटतं, यावर तापमान ठरतं. आजच्या गाडीत ते खरं आहे; तिथे आपण २२ म्हणतो आणि बाकीचं गाडी बघून घेते. जुन्या गाडीतल्या नॉबला तापमान ठाऊक नसतं. त्याला एक तार जोडलेली असते, तारेच्या दुसऱ्या टोकाला एक तोटी किंवा एक झडप असते, आणि ती किती उघडायची एवढंच त्या नॉबच्या हातात असतं. बाकी सगळं ड्रायव्हरने करायचं. म्हणून कुठल्याही जुन्या गाडीत बसलात तरी प्रश्न तीनच विचारायचे. गरम पाणी कुठे अडवलंय? हवा आत कुठून येते? आणि बाहेर कुठून जाते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक जण शोधतात. तिसऱ्याकडे कोणी बघत नाही, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

आधी पाण्याचं बघू. इंजिन थंड ठेवणारं पाणी सर्वसाधारणपणे ८० ते ९० अंशांवर फिरत असतं. त्यातलं थोडं पाणी एका होज पाइपने फायरवॉलकडे वळवतात, तिथे तांब्या-पितळेचा एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो, त्यातून ते फिरतं आणि दुसऱ्या पाइपने इंजिनाकडे परततं. या छोट्या रेडिएटरवरून हवा गेली की ती तापते. त्या काळच्या चांगल्या हीटरची ताकद तीन-चार किलोवॅट असायची, म्हणजे घरातल्या गिझरइतकी किंवा त्याहून थोडी जास्त. ही उष्णता फुकटची असते. एरवी ती पुढच्या रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते. म्हणूनच घाटात इंजिन तापायला लागलं की जुने ड्रायव्हर भर उन्हाळ्यात हीटर आणि पंखा पूर्ण सोडतात. गाडीत भट्टी होते, पण काटा खाली येतो.

पाणी अडवणारी तोटी इंजिनाजवळ असते आणि तिचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. ती उघडण्याचा आणि ऊब वाढण्याचा हिशोब सरळ नसतो. पहिल्या थोड्याशा फिरवण्यातच बरीचशी उष्णता आत येते आणि पुढे नॉब कितीही फिरवला तरी विशेष फरक पडत नाही. शिवाय पाणी फिरवणारा पंप इंजिनाच्या वेगावर चालतो, त्यामुळे सिग्नलला उभं राहिलं की ऊब ओसरते. नॉब हलवल्यावर परिणाम जाणवायलाही वेळ लागतो. जो घाई करतो तो एकदा भाजतो, एकदा गारठतो, आणि दोष हीटरला देतो. काही गाड्यांत पाणी कायम फिरतं ठेवून गरम आणि गार हवा झडपेने मिसळण्याची पद्धत वापरली. तिचा परिणाम लगेच जाणवतो. आपल्या गाडीत यातली कोणती पद्धत आहे हे बॉनेट उघडून पाच मिनिटांत कळतं, आणि ते कळल्याशिवाय नॉबांचा अर्थ लागत नाही. ए-सिरीज इंजिनाच्या काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर ही तोटी डॅशबोर्डला जोडलेलीच नाही. उन्हाळा लागला की बॉनेट उघडून ती हाताने बंद करायची आणि थंडी आली की उघडायची.

आता काचेचं. बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघे बसले तर तासाभरात कपभर पाणी झालं. छोट्या सलून गाडीची आतली जागा अडीच घनमीटरच्या आसपास असते आणि २० अंशांची हवा घनमीटरमागे फार तर १७ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे काचा लावून बसलेली चार माणसं पाव तासाच्या आतच ती हवा तुडुंब भरतात. वाढीव वाफ सगळ्यात गार पृष्ठभाग शोधते, आणि पावसाने बाहेरून भिजलेली काच तिला आयतीच सापडते. फडक्याने पुसून ती तात्पुरती जाते, पण हात थांबला की पुन्हा बसते, कारण पाणी हवेतच असतं.

इथे हीटरचं खरं काम दिसतं. जुलैतल्या खंडाळ्याच्या घाटात बाहेरची हवा २४ अंशांवर आणि वाफेने पूर्ण भरलेली असते असं धरू. तीच हवा नुसती ३५ अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता शंभरावरून ५५ टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण तिची पाणी धरण्याची ताकद जवळजवळ दुप्पट होते. अशी हवा काचेवर सोडली की ती काचेवरची वाफ उचलते आणि काचही थोडी तापवते, त्यामुळे पुन्हा वाफ धरायला जागा राहत नाही. मात्र ही हवा बाहेरची हवी. पन्नासच्या दशकात डॅशबोर्डखाली बसवायचे जे गोल हीटर मिळत, त्यांतले बरेचसे गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत. त्यांनी ऊब मिळते, पण प्रवाशांनी सोडलेलं पाणी आतच राहतं. ज्याच्या गाडीत असा हीटर आहे त्याने काच थोडी खाली ठेवली पाहिजे, त्याला इलाज नाही.

आपल्याकडे आलेल्या पुष्कळ विलायती गाड्यांचे हीटर कधीतरी काढून टाकले गेले. होज गळायला लागला, नवा मिळेना, मिस्त्रीने इंजिनाची दोन्ही तोंडं एका पाइपने परस्पर जोडून दिली आणि मालकाला ते पटलं, कारण मुंबईत हीटर कशाला? पुण्यातल्या एका मित्राच्या मॉरिस मायनरमध्ये आम्ही तो पाइप काढून मूळ जोडणी पुन्हा केली. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याने घाट उतरताना काच पुसायला एकदाही हात उचलला नाही. तुमच्या गाडीत असा परस्पर जोडलेला पाइप दिसला तर हीटर पुन्हा जिवंत करा, हा या पुस्तिकेतला माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला आहे.

हवा आत येण्याची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. सुरुवातीच्या मोटारी उघड्याच होत्या. ऊब म्हणजे कोट, घोंगडी आणि पायाखाली निखाऱ्यांची पेटी. मग बंद गाड्या आल्या आणि एक्झॉस्टच्या उष्णतेवर डोळा गेला. फोर्डच्या मॉडेल ए गाडीला एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवती बसवायचं लोखंडी आवरण मिळायचं. त्यातून तापलेली हवा फायरवॉलमधल्या भोकातून आत यायची, आणि तिच्याबरोबर इंजिनाचा वासही. खरी सुधारणा अमेरिकेतल्या नॅश कंपनीने केली. १९३७ मध्ये ती केल्व्हिनेटर या फ्रिज बनवणाऱ्या कंपनीशी एक झाली होती. १९३८ च्या मॉडेलमध्ये तिने बाहेरची हवा गाळून, तापवून पंख्याने आत ढकलायची सोय दिली, आणि पुढच्या वर्षी तिला थर्मोस्टॅट जोडून 'वेदर आय' हे नाव दिलं. आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे फटींतून धूळ आणि गारठा आत शिरणार नाही, ही त्यामागची कल्पना. आजच्या प्रत्येक गाडीत तीच कल्पना काम करते आहे.

हवा घेण्याची सगळ्यात चांगली जागा समोरच्या काचेच्या पायथ्याशी असते. धावत्या गाडीवर येणारा वारा बॉनेटवरून सरकत येतो आणि काचेशी अडतो, त्यामुळे तिथे दाब वाढतो. तिथली जाळी उघडी असेल तर वेगात पंख्याचीही गरज पडत नाही. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी हे याचं उत्तम उदाहरण. तिच्या बॉनेटच्या मागे, काचेपुढे जाळी आहे. जाळीखाली हवेचं खोकं, त्याला लागून इंजिनाच्या बाजूला हीटर. डॅशबोर्डवर दोन गोल नॉब : उष्णतेच्या नॉबची तार इंजिनावरच्या पाण्याच्या तोटीला जाते, हवेच्या नॉबची तार हीटरच्या खोक्यातल्या झडपेला. पंख्याचा स्विच वेगळा. आणि ट्रान्समिशन टनेलच्या दोन्ही बाजूंना, पायांजवळ, हाताने उघडायच्या दोन पत्र्याच्या झडपा, ज्या कित्येक मालकांना माहीतही नसतात. त्या दोन्ही बंद केल्या की सगळी हवा काचेकडे जाते. त्या उघड्या राहिल्या तर हवेचा नॉब कसाही फिरवा, काचेपर्यंत पोचतो तो उरलासुरला वारा.

याच खोक्याला तळाशी एक रबरी नळी असते. जाळीतून पावसाचं पाणी आत पडणारच, ते तिच्यातून गाडीखाली निघून जावं म्हणून ती ठेवलेली. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांचा चुरा आणि माती बसून ही नळी तुंबते, खोक्यात पाणी साचतं आणि मग सीटखालचा गालिचा ओला होतो. मालक दरवाजाची रबरं बदलत राहतो आणि पाणी मुरत असतं भलतीकडेच. पावसाळ्याआधी ही नळी मोकळी करून घ्यावी. जाळीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि ते गाडीखाली पडताना दिसलं, की काम झालं.

फोक्सवॅगन बीटलचा विषय निघाला की वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवावा लागतो, कारण तिच्या इंजिनात पाणीच नाही. मागच्या इंजिनाला वारा घालणारा पंखाच काही हवा एक्झॉस्टभोवतीच्या आवरणांतून ढकलतो, ती तापते आणि दोन्ही बाजूंच्या दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे काचेपर्यंत येते. १९६३ च्या मॉडेलपर्यंत ही हवा सरळ इंजिनाच्या सिलिंडरांवरून यायची, म्हणून तेल गळत असेल तर गाडीभर वास पसरायचा. त्यानंतर ताज्या हवेसाठी वेगळा मार्ग केला. १९६५ च्या मॉडेलपासून हँडब्रेकच्या दोन्ही अंगांना दोन कळा आल्या, त्याआधी गिअरच्या दांड्याजवळ एक फिरवायचा नॉब होता. या कळांच्या तारा गाडीच्या मधल्या टनेलमधून पार मागच्या चाकांपर्यंत जातात आणि तिथल्या झडपा हलवतात. तारा गंजून अडकल्या तर कळ ओढली जात नाही, आणि जोराने ओढली तर तुटते. दरवाजाखालच्या पट्ट्या गंजल्या तर गरम हवा रस्त्यावर जाते. त्याच पट्ट्या गाडीचा सांगाडाही पेलतात, म्हणून बीटलमध्ये हीटर मंद झाला की आधी पट्ट्या तपासायच्या.

बीटलसारख्या गाड्यांविषयी एक इशारा इथेच देतो, तो कोणी हलक्यात घेऊ नये. एक्झॉस्टभोवतीच्या आवरणात एक्झॉस्टचा पाइप गंजून भोक पडलं, तर गरम हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, झोप येणं ही लक्षणं दिसली की गाडी थांबवून काचा उघडायच्या आणि बाहेर पडायचं. अशा गाडीचा हीटर वापरात असेल तर दरवर्षी ती आवरणं काढून बघितलीच पाहिजेत. इथे काटकसर जिवावर बेतते.

आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी एवढा आग्रह धरतो आहे. बंद गाडीत हवा आत ढकलायची तर आतली हवा कुठूनतरी बाहेर गेली पाहिजे. बीटल इतकी घट्ट बसणारी गाडी, की सगळ्या काचा लावलेल्या असताना तिचा दरवाजा लावायला जोर लागतो, कारण आतली हवा निघायला जागा सापडत नाही. अशा गाडीत हीटरचा नॉब पूर्ण उघडला तरी हवा येते ती नावाला. मागची काच बोटभर उघडा, की समोरून वारा वाहायला लागतो. हे करून बघितल्याशिवाय पटत नाही, आणि एकदा पटलं की पुन्हा कोणी सांगावं लागत नाही.

या प्रश्नाचं पहिलं मोठं उत्तर म्हणजे दरवाजाच्या काचेपुढची ती त्रिकोणी काच. जनरल मोटर्सच्या फिशर कारखान्याने १९३३ च्या मॉडेलांना ती दिली आणि मग जगभर पसरली. तिचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. मागची कड थोडीशीच बाहेर काढली तर तिच्यामागे दाब कमी होतो आणि ती गाडीतली हवा ओढून घेते. पावसात धूम्रपान करणाऱ्याचा धूर तिथूनच जायचा. तीच काच पूर्ण फिरवली, की ती वारा पकडून सरळ छातीवर आणते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत ज्यांनी उन्हाळे काढले त्यांना हा दुसरा प्रकार सांगायला नको. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याच्या त्या गाडीची टॅक्सी म्हणून शेवटची नोंदणी २००३ मध्ये झाली आणि २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. ड्रायव्हरच्या त्या छोट्या काचेवर हात ठेवून बसण्याची सवय तिच्याबरोबरच गेली. अँबेसिडरच्या पुढच्या दरवाजांनाही ही त्रिकोणी काच होती.

दुसरं उत्तर फोर्डने १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या मोटर शोमध्ये दाखवलेल्या सुधारित कॉर्टिनाने दिलं. डॅशबोर्डच्या दोन टोकांना फिरवता येणारी गोल तोंडं आणि मागच्या खांबांत हवा बाहेर जाण्याच्या जाळ्या. या रचनेचं नाव 'एरोफ्लो'. काचा लावून बसा, तोंडावर ताजा वारा, पायाशी ऊब, आणि आवाज नाही. मोटारींच्या इतिहासात कॉर्टिनाचा उल्लेख विक्रीच्या आकड्यांसाठी होतो; मला तिची ही जाळी जास्त मोलाची वाटते, कारण त्यानंतर काही वर्षांत साऱ्या कारखान्यांनी हाच मार्ग धरला आणि त्रिकोणी काच हळूहळू नाहीशी झाली. बीटललाही १९६८ च्या मॉडेलपासून काचेपुढची ताज्या हवेची जाळी मिळाली आणि १९७१ मध्ये मागच्या बाजूच्या काचांमागे चंद्रकोरीसारख्या हवा जाण्याच्या जागा.

एक गोष्ट मात्र उलटी लक्षात ठेवायची. मागचं दार किंवा डिकीचं झाकण उघडं ठेवून गाडी चालवली, तर गाडीमागे जी कमी दाबाची जागा तयार होते तिथला एक्झॉस्टचा धूर आत खेचला जातो. सामान लांब आहे म्हणून डिकी अर्धी बांधून निघणाऱ्यांनी पुढच्या काचा उघड्या ठेवाव्यात आणि हवेचं पुढचं तोंड पूर्ण उघडावं.

बिघाडांचा तपशील प्रकरणांत येईल. इथे सांगायचं ते एवढंच, की बहुतेक बिघाड तारेत असतात. नॉब फिरतो, पण तारेचं बाहेरचं आवरण क्लिपमधून सुटलेलं असतं, म्हणून तार ओढण्याऐवजी सगळी केबलच हलते. दुसरा नेहमीचा बिघाड झडपांवरच्या स्पंजच्या पट्ट्यांचा. पन्नास वर्षांनी तो स्पंज काळी भुकटी होतो. पंखा सुरू केला की ती भुकटी तोंडावर येते आणि त्यानंतर झडप बंद असूनही हवा गळत राहते. पाणी बदलताना हीटरची तोटी उघडी ठेवली नाही तर हीटरमध्ये हवा अडकते आणि सगळं ठीक असून ऊब येत नाही. काचेवर तेलकट थर यायला लागला, गोडसर वास आला आणि गालिचा ओला लागला, तर हीटर गळतो आहे असं समजावं. ते पाणी इथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं असेल तर कुत्र्या-मांजरांसाठी विषारी आहे, लगेच पुसून घ्यावं. आणि चालत्या गाडीत हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली, तर तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. पाणी कमी झाल्याची ती खूण असते, आणि काट्याची नळी पाण्याबाहेर राहिली तर काटा खोटं सांगतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि ते थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.

इंग्लंड-अमेरिकेत राहून जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या आपल्या मंडळींना तिथली थंडी हे सगळं आपोआप शिकवते. इथल्या वाचकाने पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करावं. गाडी पंधरा मिनिटं चालवून आणावी, उष्णतेचा नॉब पूर्ण गरमवर ठेवावा, बॉनेट उघडावं आणि पंख्यापासून हात दूर ठेवून फायरवॉलकडे जाणारे दोन्ही होज पाइप फडक्यातून चाचपून बघावेत. दोन्ही गरम लागले तर पाणी फिरतं आहे, मग सरळ तिसऱ्या प्रकरणाकडे जा, तुमचा घोटाळा हवेच्या वाटेत आहे. एक गरम आणि एक गार लागला तर दुसऱ्या माणसाला आत बसवून नॉब फिरवायला सांगा आणि तोटीवरची दांडी हलते का ते बघा. हलत नसेल तर पहिलं प्रकरण, हलत असेल तर दुसरं.